समाज आपला, पण आपण समाजाचे?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे: जन्म याच समाजातला, तरी कुणी पूर्ण आपले मानत नाही. नावे, गावे वगळून सहा पत्रे घेतली आहेत. काही ठिकाणी कायदा भक्कम आहे, काही ठिकाणी तो जवळजवळ नाहीच. ते वेगळे करूनच उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: आमचं घर कोकणातल्या एका वाडीत चार पिढ्यांचं. ग्रामपंचायतीला धाकटा भाऊ गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध उभा राहिला. तेव्हापासून आमची वर्गणी घेत नाहीत. शिमग्याला पालखी आमच्या दारावरून सरळ पुढे नेली. आमच्याशी बोलेल त्याला हजार रुपये दंड, असं बैठकीत ठरलंय म्हणे. ‘पंचवीस हजार भरा, नारळ ठेवून माफी मागा, मग बघू’ असा निरोप आलाय. पण लेखी काहीच नाही. तक्रार कशाच्या जोरावर करायची?

उत्तर: वाळीत टाकणारा लेखी ठराव करत नाही. सगळा कारभार तोंडी असतो, आणि तो तसाच असणार हे धरून चालायचे. तुमच्या बाबतीत लागू होणारा कायदा म्हणजे महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा. तो २०१६ चा असून २०१७ पासून अमलात आहे. मंडळ नोंदलेले असो वा नसो, त्याला पंचायत म्हणा की गावकी, समाजातल्या माणसांच्या वागण्यावर हुकमत चालवणारा गट त्याच्या कक्षेत येतो. सण-विधीत भाग घेऊ न देणे, संबंध तोडायला लावणे, राजकीय कलावरून भेदभाव करणे हे त्यात बहिष्काराचे प्रकार म्हणूनच नोंदले आहेत. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साथ देणाराही सुटत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो स्वतः नोंदवून तपास करता येतो, पण जामीनपात्रही आहे. त्यामुळे पंच संध्याकाळी घरी परततील. त्याने खचू नका, आणि त्या संध्याकाळची तयारी आधीच ठेवा: घराला त्रास होण्याची भीती असेल तर तक्रारीतच संरक्षणाची मागणी लिहा.

आता पुरावा. वर्गणी घेत नाहीत हे सिद्ध करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती लेखी देऊ करणे. अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या नावाने दोन ओळींचे पत्र लिहा: ‘यंदाची आमच्या घराची वर्गणी अमुक रुपये भरायला तयार आहोत, कुठे आणि कुणाकडे भरायची ते कळवावे.’ पोचपावतीसह टपालाने पाठवा. पत्र घेतले आणि उत्तर आले नाही, तर पोचपावती हाताशी राहते. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आले तर अधिकच चांगले. ते पाकीट फोडू नका. बंद पाकीट, त्यावरचा शेरा आणि टपालाचा शिक्का असे जसेच्या तसे ठेवा, ते कोर्टातच उघडले जाऊ दे. जोडीला मागच्या वर्षांच्या वर्गणीच्या पावत्या शोधा. आधी घेत होते आणि निवडणुकीनंतर थांबले, हे पावत्यांच्या तारखाच दाखवतात.

पालखीचेही तसेच. पुढच्या शिमग्याला स्वतःच्या अंगणातून, कुणाला न अडवता, चित्रीकरण करा. शेजारच्या घरी पालखी थांबली, ओटी भरली आणि तुमच्या दारावरून पुढे गेली, हे सलग दिसले पाहिजे. मधले कापलेले चित्रीकरण निम्म्या किमतीचे. निरोप फोनवर आला असेल तर ध्वनिमुद्रण ज्या फोनमध्ये झाले त्यातच राहू द्या. फोन विकू नका, त्याची सफाई करू नका. पुढे पाठवलेल्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते काम सोपे होते. व्हॉट्सॲपच्या गटातून काढले असेल तर ती ओळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. रागाने स्वतःहून गट सोडू नका.

तक्रार कोसळते ती बहुधा लिहिण्यात. पहिली चूक म्हणजे त्यात बांधाचा वाद, सामायिक विहीर, चुलत्याचे जुने भांडण सगळे ओतणे. ठाणे अंमलदाराला मग हा जमिनीचा तंटा दिसतो आणि अदखलपात्र नोंद करून तो तुम्हाला वाटेला लावतो. दुसरी चूक: ‘संपूर्ण गावकीने’ असे लिहिणे, किंवा उलट वाडीतल्या साठ जणांची नावे घालणे. ठराव मांडणारे, दंड सांगणारे, निरोप आणणारे एवढीच नावे घ्या. प्रत्येकाने काय केले ते तारखेसह, शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहा. दंडाची मागणी वेगळ्या परिच्छेदात ठेवा, कारण धमकावून पैसे मागणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

पोलिसांना उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, तेवढे थांबा. त्यानंतरही गुन्हा नोंदला नाही तर अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. या कायद्याखाली पीडिताला किंवा त्याच्या घरच्याला थेट दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. दोषारोपपत्र गेल्यापासून ६ महिन्यांत खटला संपवावा असे कायदा सांगतो.

दरम्यान कुणीतरी मध्यस्थ येईल आणि स्टँप पेपरवर ‘आपसात मिटले’ असे लिहून मागेल. त्यावर सही करू नका. या गुन्ह्यात तडजोड होऊ शकते, पण ती तुमच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने. घरच्या ओटीवरचा कागद म्हणजे तडजोड नव्हे, आणि त्यात ‘आमची चूक झाली’ असे एक वाक्य असतेच. पुढे तेच तुमच्याविरुद्ध वाचले जाते.

एक खुलासा, कारण इतरांचीही अशी पत्रे आहेत: तक्रारदार आणि पंच दोघेही अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर ॲट्रॉसिटीचा कायदा लागत नाही. तो बाहेरच्याने केलेल्या अत्याचारासाठी आहे. घरातल्या घरात हाच बहिष्काराचा कायदा वापरायचा.

प्रश्न: मी जातीबाहेर लग्न केलं. माहेरच्या समाजाच्या नोंदणीकृत मंडळाची मी लग्नाआधीपासून आजीव सभासद आहे. आता निवडणुकीच्या मतदार यादीत नाव नाही. विचारलं तर म्हणतात, ‘ताई, तुम्ही आता तिकडच्या.’ मुलीचा गुणगौरवासाठीचा अर्जही परत आला.

उत्तर: हे दोन प्रश्न आहेत. तुमची बाजू पहिल्यात मजबूत आहे, दुसऱ्यात कच्ची.

लग्नाने जात बदलत नाही, ती जन्माने ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येही स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘तिकडच्या’ हे कारण कायद्यात टिकत नाही. पण मंडळाशी भांडताना जातीपेक्षा मंडळाची घटना कामाची. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मंडळाच्या नोंदणी क्रमांकासह नकलेचा अर्ज करा आणि तीन कागद मागा: घटना व नियमावली, परिशिष्ट एकचा उतारा (आयुक्तांकडची मंडळाची नोंद), शेवटचा मंजूर बदल अर्ज (कार्यकारिणी बदलल्याचे आयुक्तांना कळवणारा). मंडळाच्या कचेरीत मिळणारी छापील पुस्तिका कधी जुनी असते, कधी सोयीची. आयुक्तांकडे दाखल असलेली प्रत तीच खरी.

नियमावलीत सभासदत्व कसे संपते ते कलम काढा. बहुतेक ठिकाणी मृत्यू, राजीनामा, वर्गणी थकणे आणि ठरावाने काढणे एवढीच कारणे असतात. ‘परजातीत विवाह’ असे लिहिलेले नसेल तर नाव कशाच्या आधारे काढले हे लेखी विचारा. ठरावाने काढले असेल तर आधी नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. ती दिली नसेल तर ठराव तिथेच लंगडा. आजीव सभासदाला वर्गणीचा प्रश्न नाही. इतर वाचकांनी मात्र लक्षात ठेवावे: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार वर्गणी ३ महिन्यांहून अधिक थकली तर मत देता येत नाही. नको असलेल्या सभासदाला गाळायची ही सगळ्यात गुळगुळीत वाट आहे. पावती पुस्तक संपले, खजिनदार गावाला गेले, पुढच्या महिन्यात या, असे करत करत तीन महिने निघून जातात. म्हणून वर्गणी बँकेतून भरावी.

निवडणूक तुमच्याविना झालीच, तर नव्या कार्यकारिणीला ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. त्यावर हरकत घेण्याची हीच वेळ. सभेत उभे राहून भांडण्यापेक्षा तिथली एक पानी हरकत जड जाते, कारण बदल अर्ज अडला की बँकेतल्या सह्या बदलताना कार्यकारिणीची अडचण होते आणि मग फोन तुमच्याकडे येतो.

मुलीबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. नव्याने कुणाला घ्यायचे, कुणाचा गौरव करायचा हे ठरवायला खाजगी संस्थेला बराच मोकळेपणा आहे. २००५ मध्ये पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध धरली होती. नियमावलीत ‘समाजातील पाल्य’ एवढेच असेल तर आईच्या बाजूने अर्थ लावायचा आग्रह धरा. ‘वडील समाजाचे’ असे स्पष्ट असेल तर तुम्ही स्वतः सभासद म्हणून उभ्या राहा आणि वार्षिक सभेत दुरुस्ती मांडा. सूचना विषयपत्रिकेवर यावी म्हणून नियमावलीतल्या मुदतीआधी लेखी द्या. ‘आयत्या वेळच्या विषयात’ घटना बदलत नाही.

प्रश्न: मूळ गाव खानदेशात, मी पुण्यात वाढलो. अहिराणी समजते, बोलता येत नाही. भाऊबंदांच्या कार्यक्रमात सगळे मराठीत सुरू होतात, मग मला ‘पाहुणे’ म्हणून खुर्ची देतात. याला काही उपाय?

उत्तर: अर्ज कुठेच करता येणार नाही. पण उपाय आहेत. लग्नाला सगळेच जातात, आणि लग्नात तुम्ही पाहुणेच असणार. दहाव्याला, आजारपणात, शेतातल्या कामाच्या दिवसांत गेलात तर खुर्ची द्यायला कुणाला वेळ नसतो. आदल्या दिवशी पोहोचा आणि एक ठरलेले काम मागून घ्या: वाढप, भांड्यांचा हिशेब, किंवा बसस्टँडवरून म्हाताऱ्यांना आणणे. ‘काही मदत हवी का’ असे विचारू नका, त्याला ‘नाही नाही, बसा’ हेच उत्तर येते.

बोली म्हाताऱ्यांशी आणि पोरांशी सुरू करा. पोरे हसतात पण चूक सुधारून देतात. बरोबरीचे लोक सभ्यपणाने मराठीवर येतात, आणि तिथेच गाडी अडते. ते मराठीत बोलले तरी तुम्ही मोडक्या अहिराणीतच उत्तर द्या.

देवळाला मोठी देणगी देऊन पाटीवर नाव लावायचा मोह टाळा. पाटी लागते आणि ‘पैसेवाले पाहुणे’ ही ओळख पक्की होते.

प्रश्न: आमच्या पंथात धर्मगुरूंच्या आज्ञेने माणसाला बाहेर काढतात. दफनभूमीही बंद होते. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आम्हालाही लागू आहे ना?

उत्तर: कायद्याच्या शब्दांत धर्म-पंथ येतात, त्यामुळे तक्रार करता येते. पण वाट सरळ नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शिस्तीसाठी बाहेर काढणे हा पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, असे तेव्हा ठरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने या प्रश्नाचा फेरविचार व्हावा म्हणून तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. म्हणून तक्रारीत बाहेर काढण्याच्या धार्मिक आज्ञेवर कमी आणि तिच्या नावाखाली झालेल्या नागरी छळावर जास्त भर द्या: धंदा तोडायला लावणे, नातेवाइकांना भेटू न देणे, मयताला अडवणे. घरात कुणी अत्यवस्थ असेल तर दफनाचा प्रश्न त्या दिवसासाठी ठेवू नका, वकिलामार्फत आधीच हलवा.

प्रश्न: आम्ही ठाकूर जमातीचे. आजोबा कामासाठी शहरात आले. गावचे म्हणतात, ‘तुम्ही आता आमच्यातले राहिला नाहीत’, आणि मुलाचा जमातीचा दाखला तपासणाऱ्या पडताळणी समितीचे दक्षता पथक विचारणार कुलदैवत, लग्नाच्या चाली, बोली. मुलाला यातलं काही येत नाही. दोन्हीकडून आम्ही बाद का?

उत्तर: नाही. गावच्या लोकांचे मत आणि जमातीचा दाखला यांचा संबंध तुम्हाला वाटतो त्याहून खूप कमी आहे.

पथक विचारते त्याला आप्तभाव चाचणी म्हणतात. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी, ठाकूर जमातीच्याच संघटनेच्या प्रकरणात, सांगितले की ही चाचणी निर्णायक कसोटी नाही. शहरात, शिकलेल्या घरात वाढलेल्याला जुन्या चालीरीती माहीत नसणे स्वाभाविक आहे, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. कागदपत्रांवरूनच समितीचे समाधान झाले तर प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवण्याचीही गरज नाही.

म्हणून वेळ चालीरीती पाठ करण्यात घालवू नका, जुन्या नोंदी शोधण्यात घालवा. अनुसूचित जमातीसाठी महत्त्वाची तारीख ६ सप्टेंबर १९५०. (अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.) त्याआधीची नोंद सर्वांत वजनदार. पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ यांपैकी कुणीही शाळेत गेले असेल तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळवा. कुणीच शाळेत गेले नसेल तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. तिथे अडनाव नसते, फक्त बापाचे नाव आणि जात असते. त्यामुळे वंशावळीचे शपथपत्र आणि जमिनीचे जुने फेरफार यांनी ‘अमुक म्हणजेच आमचे पणजोबा’ हे जुळवावे लागते. सगळ्यात जास्त अर्ज या जुळणीत अडकतात, जातीत नाही.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता प्रमाणपत्र, म्हणजे समितीने दाखला खरा ठरवल्याचा कागद, मिळाले असेल तर अर्धे काम झाले. त्याची प्रत आणि त्याच्याशी नाते दाखवणारी वंशावळ जोडा. मिळालेल्या उताऱ्यात जातीच्या रकान्याची शाई वेगळी किंवा अक्षर वेगळे दिसत असेल तर तो उतारा लावू नका. पथक मूळ रजिस्टर पाहते, आणि एक संशयास्पद कागद दहा चांगल्या कागदांना बुडवतो.

पथकासमोर मुलाने माहीत आहे तेवढेच सांगावे. बाजारात आणि समाजाच्या बैठकांत चालीरीतींच्या छापील चोपड्या फिरतात. ज्या पथकाने महिनाभर तीच वाक्ये ऐकली आहेत, ते पहिल्या मिनिटाला ओळखते. ‘आजी सांगायची, मला आठवत नाही’ हे उत्तर त्याहून बरे. अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत आणि नोटीस मिळते. नोटिशीतल्या मुदतीत प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर द्या आणि २०२३ चा निकाल जोडा. समितीचा निर्णय अंतिम असतो, त्यावर फक्त उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिथे नवे पुरावे मांडणे कठीण, म्हणून जे काही आहे ते समितीपुढेच येऊ द्या.

प्रश्न: आई भिल्ल, वडील आदिवासी नाहीत. मी लहान असतानाच ते सोडून गेले. मामाच्या पाड्यावर वाढले. दाखल्यासाठी गेले तर ‘बापाची जात लागते’ म्हणून कागद परत. पाड्यावरही काही जण ‘बाहेरच्याची’ म्हणतात.

उत्तर: ‘बापाचीच लागते’ हे पूर्ण खरे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले की अशा लग्नातल्या मुलांची जात वडिलांची असे गृहीत धरले जाते, पण ते गृहीतक पुराव्याने खोडता येते. आईनेच तिच्या समाजात वाढवले, त्या समाजाच्या वाट्याला आलेले हाल आणि अवहेलना सोसली, आणि समाजाने व बाहेरच्यांनीही आपल्याला त्याच समाजाचे मानले, एवढे दाखवावे लागते. म्हणजे पाड्याने स्वीकारले की नाही हा इथे पुराव्याचा मुद्दा आहे, आणि चार जण टोमणे मारतात म्हणून तो बुडत नाही.

जमवा ते असे: आईच्या बाजूची १९५० पूर्वीची नोंद आणि मामाचा दाखला, मिळाला असेल तर त्याचे वैधता प्रमाणपत्र. मामाच्या शिधापत्रिकेवरचे तुमचे नाव. अंगणवाडी आणि पाड्यावरच्या शाळेच्या नोंदी, पालक म्हणून आई किंवा मामाची सही असलेल्या. आश्रमशाळेत शिकला असाल तर तिचा दाखला. वडील घर सोडून गेल्याचा पुरावा: पोटगीचा अर्ज, पोलिसांकडची जुनी नोंद, नाहीतर आईचे शपथपत्र आणि पाड्यावरच्या दोन जाणत्यांची शपथपत्रे. ही शपथपत्रे एकाच नमुन्यात टंकून घेऊ नका. कुणी तुम्हाला बारशाला पाहिले, कुणी तुमच्या आईबरोबर मजुरीला गेले, ज्याने जे पाहिले तेच त्याच्या शब्दांत येऊ द्या.

अर्ज तोंडी परत घेऊ नका. दाखल करून पोच घ्या आणि नाकारला तर कारणासह लेखी आदेश मागा. आदेश हातात असेल तरच अपील करता येते, आणि खिडकीवर ‘बापाची जात’ म्हणणारा कर्मचारी ते कागदावर लिहायची वेळ आली की अर्ज वरिष्ठांकडे सरकवतो.